साडीच्या घड्या ऑइलमध्ये रंगवायला शिकायचंय? रविवर्म्यांची दमयंती कॉपी करायला घ्या

ऑइल पेंटिंग शिकायचं ठरवलं की बहुतेक जण थेट चेहरा करायला बसतात आणि मग नाक जरा इकडे गेलं, डोळा जरा मोठा झाला की सगळा मूड जातो आणि कॅनव्हास कपाटामागे. मला विचाराल तर सुरुवात कापडापासून करा. साडी नेसलेली, पूर्ण उभी आकृती असलेलं एखादं जुनं चित्र घ्या आणि त्यातल्या साडीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. कापडात "हुबेहूब दिसतंय का" हे टेन्शन नसतं, घडी अर्धा इंच सरकली तरी कुणाला कळत नाही, पण उजेड-सावली, मऊ कडा, कडक कडा, गरम-थंड रंग, थरांवर थर हे जे काही ऑइलमध्ये शिकायचं असतं ते सगळं त्या एका साडीत असतं.

मी सुचवेन ते चित्र म्हणजे राजा रविवर्मा यांचं "हंस दमयंती". १८९९ चं आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा आर्ट गॅलरीच्या संग्रहातलं. लाल साडीतली दमयंती, दगडी कठडा आणि पांढरा हंस, एवढंच. लाल रंग मुद्दामच निवडलाय कारण ऑइलमध्ये लाल कापड उजळ करायला आणि गडद करायला दोन्हीकडे अवघड जातं, ते जमलं की निळं, हिरवं, पिवळं कापड बरंच सोपं वाटतं. रविवर्मा १९०६ साली गेले त्यामुळे कॉपीराइटचा काही प्रश्न नाही, बिनधास्त करा.

आणि कॉपी करणं कमीपणाचं वाटत असेल तर हे बघा. रविवर्मा तरुण असताना त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला होता, तो त्यांना शिकवायला तयार नव्हता, फक्त काम करताना बघू दिलं. त्या बघण्यातून आणि स्वतः हात चालवून चालवून ते ऑइल शिकले. आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही (१८५७ पासूनचं कॉलेज) पोरं आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर कॉप्या समोर ठेवून त्यांच्या वस्त्रांच्या घड्या काढायची. शिकायची ही जुनी, पक्की रीत आहे.

आधी फोटो नीट निवडा, कारण निम्मं काम इथेच बिघडतं. नेटवर रविवर्म्यांच्या नावाने जे फोटो फिरतात त्यातले खूपसे मूळ ऑइलचे नसून छापील ओलिओग्राफचे असतात. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेली चित्रं घराघरात, देवघरात पोचली. ती छपाई सुंदरच आहे पण ती दगडावरून एकेक रंग छापत केलेली, त्यात सावल्या सपाट होतात आणि कडा सगळीकडे सारख्या कडक येतात. तुम्ही त्यावरून ऑइल शिकायला गेलात तर नेमकी जी गोष्ट शिकायची, म्हणजे कडा कुठे विरघळते, तीच दिसणार नाही. फोटो झूम करून बघा, ब्रशचे फटकारे, कॅनव्हासचं पोत दिसत असेल तर तो मूळ चित्राचा. रंग फारच भडक दिसत असतील तर कुणीतरी फिल्टर मारलाय, सोडून द्या. मिळालेल्या चांगल्या फोटोच्या दोन प्रिंट काढा, ए-थ्री साइज, मॅट कागदावर, एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट. मोबाइलच्या स्क्रीनवर बघून रंगवू नका, स्क्रीन उजेड फेकते आणि कॅनव्हास उजेड परत करतो, रंग जुळवता जुळवता वैतागाल.

जमलं तर एकदा रविवर्म्यांचं कुठलंही मूळ ऑइल डोळ्यांनी बघून या. सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी संग्रहालय आहे, तिथे आहेत. बडोद्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फत्तेसिंग म्युझियममध्ये तर बरीच आहेत. समोरून बघून झालं की जरा बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात बघा, रंग कुठे जाड आहे कुठे पातळ ते तेव्हाच कळतं.

एक सांगायचं राहिलं, हातात दिवा धरलेली ती प्रसिद्ध स्त्री, जी खूप जणांना रविवर्म्यांची वाटते, ती आपल्या सावळाराम हळदणकरांची आहे आणि ते जलरंग आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अप्रतिम चित्र, पण ऑइल शिकायला ते घेऊ नका. जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो, ऑइलमध्ये तो तुम्हाला रंगाने बांधायचा असतो, पद्धतच उलटी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. कॉपी करताना शेजारी एक खरी साडी ठेवा. घरातली कुठलीही प्लेन साडी, शक्यतो थोडी जड, सिल्क किंवा सिल्कसारखी, लाल असेल तर उत्तमच. ती खुर्चीच्या पाठीवर टाका, एक टोक भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा, आणि चित्रात उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूने एकच टेबल लॅम्प लावा, बाकीचे लाइट बंद. मग आधी पेन्सिलने कागदावर नुसत्या घड्या काढा, दोन-तीन संध्याकाळी तरी. काढताना प्रत्येक घडीला एकच प्रश्न विचारायचा, ही लटकलीय कुठून? खिळ्यावरून सुटलेल्या घड्या वर अरुंद आणि खाली रुंद होत जातात. दोन ठिकाणी धरलेलं कापड मध्ये झोळ घेतं, आणि झोळाच्या रेषा दोन्ही टोकांकडे धाव घेतात. जिथे कापड जमिनीला किंवा खुर्चीच्या बैठकीला टेकतं तिथे ते मोडतं आणि घडी कोनात वळते. निऱ्या या वेगळ्याच, त्या हाताने घातलेल्या असतात म्हणून त्यांना शिस्त असते, पण गुडघा पुढे आला की त्याच निऱ्या पांगतात. हे एकदा डोळ्यात बसलं की दमयंतीच्या साडीत तुम्हाला रेषांचा गोंधळ दिसणार नाही, खांदा दिसेल, कंबर दिसेल, आणि कुठली घडी कुणाच्या जिवावर उभी आहे ते दिसेल.

आणि अजून एक गंमत कळेल, की खऱ्या साडीवर असंख्य बारीक चुण्या असतात आणि रविवर्म्यांनी त्यातल्या कितीतरी गाळल्यात. शरीराचा आकार सांगणाऱ्या घड्या ठेवल्या, बाकीच्या सोडल्या. कॉपीतून खरं शिकायचं असतं ते हे गाळणं. नुसता फोटो समोर ठेवून हे कळायला फार वेळ जातो, खरी साडी बाजूला असली की लगेच दिसतं.

सामान फार लागत नाही. सोळा बाय वीस इंचाचा तयार कॅनव्हास पुरे, पूर्ण आकृती घ्यायची भीती वाटत असेल तर डोक्यापासून गुडघ्यापर्यंतच घ्या. बाजारातल्या स्वस्त कॅनव्हासवर प्रायमर पातळ असतो आणि तो तेल पिऊन टाकतो, त्यामुळे वरून गेसोचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात द्या, वाळला की बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. रंग कॅमलचे आर्टिस्ट ऑइल चालतील, सुरुवातीला इम्पोर्टेडच्या मागे लागू नका. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, क्रिम्सन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, एवढ्यात सगळं होतं. काळा मी मुद्दाम लिहिला नाही. ब्रश मोठे घ्या, हॉग हेअरचे फ्लॅट दोन-तीन, गोलसर टोकाचे फिल्बर्ट दोन, आणि एक मऊ कोरडा ब्रश जो रंगात कधीच बुडवायचा नाही, फक्त कडा मऊ करायला. लिन्सीड म्हणजे जवसाचं तेल, रंग पातळ करायला आर्टिस्टवालं टर्पेंटाइन, पॅलेट नाइफ, जुने सुती फडके. खिडकी उघडी ठेवूनच बसा, टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो.

कॅनव्हासचा पांढराशुभ्रपणा आधी मोडा. बर्न्ट अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून चहासारखं पातळ करा, सगळीकडे फिरवा आणि फडक्याने पुसून घ्या, हलका तपकिरी तजेला राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग. चौकटी पाडून काढायला काहीच हरकत नाही, प्रिंटवर आणि कॅनव्हासवर त्याच प्रमाणात ग्रिड आखा आणि कोळशाने काढा. पण घड्यांपर्यंत लगेच जाऊ नका. आधी साडीच्या आतलं शरीर हलक्या रेषांनी काढा, खांद्यांची तिरकी रेघ, कमरेची रेघ, भार कुठल्या पायावर आहे, गुडघे कुठे आहेत. दोऱ्याला छोटं वजन बांधून प्रिंटसमोर धरा आणि मानेच्या खड्ड्यातून सरळ खाली काय काय येतंय ते बघा, आकृती पडतेय की उभी आहे ते यातून कळतं. मग वरून कापड. ड्रॉइंग पक्कं झालं की कोळसा फडक्याने झटका आणि पातळ अंबरने बारीक ब्रशने रेषा पक्क्या करून घ्या, नाहीतर कोळसा रंगात मिसळून सगळं काळपट करतो.

पुढचा थर बिनरंगाचा. नुसता बर्न्ट अंबर आणि पांढरा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट समोर ठेवा, डोळे किलकिले करा आणि फक्त तीन भाग बघा, उजेड, मध्यम, सावली. सावल्यांचे आकार एकमेकांना जोडत जा, दहा सुट्या सावल्यांपेक्षा एक मोठी जोडलेली सावली साडीला वजन देते. या थरात तेल घालू नका, फक्त थोडं टर्पेंटाइन. अंबर लवकर वाळतो म्हणून तो घ्यायचा. तरी चार-पाच दिवस हात लावू नका, पावसाळ्यात मुंबई-कोकणात असाल तर आठवडा धरून चाला.

आता लाल. इथे दोन सवयी सोडाव्या लागतात, उजळ करायला पांढरा आणि गडद करायला काळा. लालमध्ये पांढरा गेला की साडी गुलाबी होते, काळा गेला की मातकट. बसण्याआधी पॅलेटवर नाइफने चार ढीग तयार करा. मधला ढीग व्हर्मिलियन आणि थोडा क्रिम्सन. उजेडाचा ढीग व्हर्मिलियन आणि चिमूटभर ऑकर. सावलीचा क्रिम्सन आणि बर्न्ट अंबर, आणि अगदी खोल फटींसाठी त्यातच थेंबभर व्हिरिडियन, हिरव्याने लाल मरतो पण खोली जिवंत राहते. ढीग मोठे करा, कारण मध्येच रंग संपला की तोच शेड परत मिळत नाही आणि चिडचिड होते.

एक घडी सावकाश करून बघूया. कमरेपासून खाली सुटणारी एखादी लांब घडी निवडा. आधी पूर्ण पट्ट्यावर मधला लाल, पातळ, एकसारखा. मग एका बाजूने सावलीचा लाल, फटीच्या तळाशी सगळ्यात गडद. मग माथ्याच्या उजेडाकडच्या बाजूला उजळ लाल, एकाच ओढीत, वरून खाली, घडीच्या दिशेने. आता तीन पट्टे शेजारी शेजारी पडलेत आणि दिसायला नळीसारखं दिसतंय. इथे थांबा आणि खऱ्या साडीकडे बघा. घडीची एक कड कडक असते, जिथे कापड अचानक वळून फटीत जातं, आणि दुसरी मऊ, जिथे ते हळूहळू फिरतं. दोन्ही कडा सारख्या ठेवल्या की साडीचा पत्रा होतो. मऊ बाजूवर कोरडा ब्रश आधी आडवा, अगदी हलका, आणि मग एकदाच उभा फिरवा, कडक बाजूला हातही लावू नका. शेवटचं काम सावलीच्या आतलं, फटीच्या अगदी तळाशी नाही, त्याच्या जरा अलीकडे शेजारच्या घडीवरून परत आलेला उजेड असतो, तो गरम असतो, तिथे सावलीच्या रंगात बर्न्ट सिएना मिसळून एक ओढ द्या. सावली लगेच हवेशीर होते. पण हा उजेड कितीही मोह झाला तरी मधल्या लालपेक्षा गडदच राहिला पाहिजे.

अशा दहा-बारा मुख्य घड्या झाल्या की साडी उभी राहते. सगळीकडे तेवढीच मेहनत घेऊ नका. चेहऱ्याजवळच्या आणि हाताजवळच्या घड्या स्पष्ट, पायाकडे जाता जाता ढिल्या, सावलीतल्या तर जवळजवळ विरलेल्या चालतात.

चमक सगळ्यात शेवटी. सिल्कची चमक छोटी आणि कडक असते, सुती कापडाची पसरट आणि मंद. चमकेच्या जागी व्हर्मिलियनमध्ये पांढरा घालायला इथे मुभा आहे, कारण सिल्कवरची चमक खरंच थंड गुलाबीकडे झुकते, पण मोजक्याच ठिकाणी, आणि जाड रंगात, ब्रश टेकवून उचलायचा, घासायचा नाही.

काठाचं पण असंच. जरी म्हणजे सोनेरी रंगाची ट्यूब हा विचार मनातून काढून टाका. ऑकर, बर्न्ट अंबर आणि पांढरा, बस. साडीच्या घड्या पूर्ण वाळल्यावर काठ टाका आणि तो घडीबरोबर वळवा, घडी फटीत शिरली की काठही शिरून दिसेनासा होतो आणि पुढच्या माथ्यावर परत निघतो. सावलीतला काठ नुसता तपकिरी असतो, मध्यम भागात ऑकर, आणि उजेडात ऑकर-पांढऱ्याचे चार-दोन ठिपके. सगळी वेलबुट्टी मोजून काढली की काठ साडीवर चिकटवल्यासारखा दिसतो, ठिपके योग्य जागी पडले तर लांबून डोळा बाकीची नक्षी आपणच भरतो.

हात, मान, चेहरा यावर फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. इतकंच, की ऑकर, व्हर्मिलियन आणि पांढऱ्याची त्वचा सावलीत थोड्या अल्ट्रामरीनने आणि सिएनाने शांत करा, आणि जिथे लाल साडी त्वचेला लागते तिथे दंडाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली, लालाची झाक द्या. ती झाक नसली की आकृती आणि साडी दोन वेगळ्या चित्रांतून कापून आणल्यासारखी दिसते.

आठ-दहा दिवसांनी थर वाळला की ग्लेझ. लिन्सीड आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं, त्यात क्रिम्सन अगदी थोडा, आणि सावलीच्या भागावर मऊ ब्रशने पातळ पडदा. जास्त झालं तर फडक्याने पुसा. जिथे साडी तुटक वाटत होती तिथे एका पडद्याखाली सगळं एकत्र येतं, ऑइलचा हा आनंद दुसऱ्या कुठल्याच माध्यमात मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नियम एकच लक्षात ठेवा, खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलट झालं तर वरचा थर आधी वाळून आखडतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. क्रिम्सन वाळायला फार वेळ घेतो, म्हणून त्याचा जाड थर खाली कधीच नको.

मधूनमधून चित्र आरशात बघा, उलटं करून बघा, मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून तुमच्या प्रिंटशेजारी ठेवा. रंग चुकलेला चालतो पण उजेड-सावलीची पायरी चुकली की कितीही सुंदर लाल असला तरी कापड फुगत नाही.

तेलकट फडक्यांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. लिन्सीड तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळा करून कोपऱ्यात टाकलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपलं की फडकी मोकळी पसरून वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाका. उरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत ठेवा, गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं.

व्हार्निशची घाई करू नका, निदान सहा महिने जाऊ देत, जाड रंग असेल तर वर्ष. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवला तर मागून बुरशी धरते, मध्ये हवा खेळू द्या. आणि पाठीमागे पेन्सिलने नीट लिहून ठेवा, "राजा रविवर्मा यांच्या हंस दमयंतीवरून", खाली तुमचं नाव आणि साल. कॉपी विकायची नसली तरी हे लिहायचंच, पुढे चित्र कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

खुर्चीवरची साडी अजून काढून ठेवू नका. प्रिंट भिंतीवरून उतरवा आणि त्याच लॅम्पमध्ये, त्याच चार ढिगांनी, छोट्या कॅनव्हासवर नुसती ती साडी रंगवा. कुठल्या चुण्या ठेवायच्या आणि कुठल्या गाळायच्या हे यावेळी तुम्ही ठरवायचं.